आळशी, चिक्कू, कामसू : ही विशेषणं मोजायची कशी?

मोजपट्टी

'तो आळशी आहे', 'ती कामाला वाघ आहे', 'त्यांच्या हातून पैसा सुटत नाही'. विशेषण लावलं की विषय मिटतो आणि घोळ तिथेच होतो. काम, पैसा आणि मोकळा वेळ या तिन्हींबद्दलची वृत्ती एकाच मुळातून उगवते असं आपण धरून चालतो. जो कामसू तो पैसा जपणारच, आणि त्याला सुट्टीत स्वस्थ बसवणारच नाही, असा हिशेब. हा हिशेब बरोबर नाही. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, आणि मोजताना 'मी कसा आहे' यापेक्षा 'गेल्या पंधरवड्यात मी काय केलं' याला जास्त वजन द्यावं लागतं.

या धाग्यात ती मोजणी नेमकी कशी करायची ते लिहूया. आपापले किस्से नकोत. पद्धत, आकडे आणि कुठे चुकतं, एवढंच.

सुरुवात प्रश्नावलीपासून करतो. व्यक्तिमत्त्वाचे पाच मोठे गुण मानले जातात: नव्याची ओढ, दक्षता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि नकारात्मक भावनांकडे कल. आपल्या विषयात सगळ्यात कामाचा गुण म्हणजे दक्षता, म्हणजे काम नीट आणि जबाबदारीने पार पाडण्याची वृत्ती. बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये आधीच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. त्यांनी तपासलेल्या पाचही व्यवसायगटांत कामगिरीशी संबंध टिकून राहिला तो याच गुणाचा.

पण दक्षता हा एकसंध गुण नाही. सोटो आणि जॉन यांच्या २०१७ च्या प्रश्नावलीत ६० विधानं आहेत, १५ उपगुण आहेत आणि प्रत्येक उपगुणाला ४ विधानं. त्यात दक्षतेचे तीन भाग पडतात: नीटनेटकेपणा, कामाचा उरक आणि जबाबदारी. एखाद्याचा नीटनेटकेपणा ४.७५, उरक २.२५ आणि जबाबदारी ३.५ असेल तर सरासरी ३.५ येते. दुसऱ्याचे पहिले दोन आकडे उलटे असले तरी सरासरी तीच. पहिल्याचं टेबल चकचकीत आणि काम अडकलेलं, दुसऱ्याच्या टेबलावर पसारा आणि काम वेळेआधी हातावेगळं. म्हणून सरासरी बघायची ती उपगुण बघून झाल्यावर.

गुण काढताना हमखास होणारी चूक सांगतो. काही विधानं उलटी असतात, उदाहरणार्थ 'सुरू केलेलं काम मी बऱ्याचदा अर्धवट सोडतो'. १ ते ५ च्या मापावर त्यांचा गुण ६ मधून वजा करून घ्यायचा असतो. समजा आठ विधानं आहेत. सरळ पाचांना ४, ४, ३, ५, ४ म्हणजे २० गुण. उलट्या तिघांना २, १, २. ते उलटवले की ४, ५, ४ म्हणजे १३. एकूण ३३, सरासरी ४.१. उलटवायचं राहिलं तर एकूण २५ आणि सरासरी ३.१. माणूस तोच, विशेषण पार बदललं.

आकडेमोड

उत्तम सुरुवात. यात तीन गोष्टींची भर घालतो.

पहिली, मोजमापातली चूक. समजा एखाद्या मापाची विश्वासार्हता (पुन्हा मोजल्यावर आकडा कितपत तसाच येतो ते, ० ते १ मध्ये) ०.८० आहे आणि लोकांच्या गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती लांब पसरतात ते) ०.७. मग मोजमापाची प्रमाण चूक = ०.७ × √(१ − ०.८०), म्हणजे साधारण ०.३१. ९५ टक्के खात्री हवी असेल तर दोन्ही बाजूंना सुमारे ०.६ सोडावे लागतात. तेव्हा एकाला ३.५ आणि दुसऱ्याला ३.९ मिळाले म्हणून दुसरा जास्त दक्ष आहे असं म्हणता येत नाही. पहिल्यानेच महिन्याभराने पुन्हा भरली तर ३.९ येऊ शकतात.

दुसरी, तुलना कोणाशी? 'मी वेळेचा पक्का आहे' याला उत्तर देताना माणूस भोवतालच्या लोकांकडे बघून देतो. काटेकोर लोकांमध्ये वावरणारा स्वतःला ३ देईल, तेवढाच वक्तशीर माणूस ढिल्या गटात ५ देईल. यावर उपाय म्हणजे विधानाला आकडा जोडायचा: 'गेल्या दहा ठरलेल्या भेटींपैकी किती ठिकाणी पाच मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला?' याचं उत्तर शेजाऱ्यावर अवलंबून नसतं.

तिसरी, 'हो'ला 'हो' करायची सवय. काही लोक कुठलंही विधान दिसलं की मान डोलावतात. उलटी विधानं घातलेली असतात ती यासाठीच. एकच गोष्ट विचारणाऱ्या सरळ आणि उलट्या अशा दोन्ही विधानांना ४ किंवा ५ दिलेले दिसले, तर ती प्रश्नावली बाजूला ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी नव्याने भरावी.

पाऊलवाट

बऱ्याच ठिकाणी ती चार अक्षरांची, सोळा प्रकारांची व्यक्तिमत्त्व चाचणी (एमबीटीआय) भरून घेतात. तिच्यावरून काम आणि पैशाबद्दल काही ठरवता येईल का?

उंबरठा

पाऊलवाट, त्या चाचणीची अडचण तिच्या कापण्यात आहे. कुठलाही गुण घ्या, बहुतेक लोक मधोमध असतात आणि टोकाला थोडे. मधोमध रेघ मारून दोन खोके केले की सगळ्यात जास्त गर्दी त्या रेघेवरच होते. दोन-तीन प्रश्नांची उत्तरं बदलली की माणूस या खोक्यातून त्या खोक्यात जातो, म्हणून पुन्हा भरल्यावर प्रकार बदललेला दिसतो. ज्यांना रेघेपासून फक्त अर्धं पाऊल दूर असलेले गुण मिळाले, त्यांनी अक्षर विसरून आकडा लक्षात ठेवावा.

शिवाय वर्णन पटलं म्हणजे चाचणी खरी, असं होत नाही. बर्ट्राम फोरर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचं खास वर्णन' म्हणून एकच मजकूर दिला होता. अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले. एखादं वर्णन वाचून 'अगदी मीच!' वाटलं तर ते ओळखीच्या पाच वेगळ्या स्वभावांच्या माणसांना वाचायला द्यावं. पाचही जण 'अगदी मीच' म्हणाले तर ते वर्णन कोणाचंच नाही.

काटा

आता कामाबद्दल. इथे 'कामसू की आळशी' ही एकच पट्टी पुरत नाही, कारण माणूस किती काम करतो आणि कामाला काय समजतो हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. एमी व्ऱ्झेस्नियेव्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तीन वृत्ती मांडल्या. मराठीत मी त्यांना पोटापाण्याचं काम, शिडीचं काम आणि ओढीचं काम म्हणतो. पहिल्यात मोबदला महत्त्वाचा, दुसऱ्यात वरची पायरी, तिसऱ्यात ते कामच. त्या अभ्यासातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग छोटा आहे: कार्यालयीन सहायक म्हणून जवळपास एकसारखं काम करणाऱ्या २४ जणांचा गट वेगळा काढून बघितला, तेव्हा तेही तिन्ही वृत्तींत जवळपास सारखे वाटले गेले. काम तेच, बघण्याची नजर तीन तऱ्हांची.

पोटापाण्याचं काम म्हणून बघणारा माणूस ठरल्या वेळेला उठतो आणि लोक त्याला कामचुकार म्हणतात. ते चूक आहे. तो हातातलं काम चोख करून उठतो की अर्धवट टाकून, हे आधी बघा. चोख करून उठत असेल तर त्याची दक्षता उत्तम आहे, फक्त त्याच्या आयुष्याचं केंद्र दुसरीकडे आहे.

चालढकलीचंही तसंच. पिअर्स स्टील यांच्या २००७ च्या एकत्रित विश्लेषणात चालढकलीशी ठळक संबंध दिसला तो कामाची नावड, फळ मिळायला लागणारा उशीर, 'मला जमेल' या विश्वासाची कमतरता आणि आवेग यांचा. 'सगळं अचूकच हवं या हट्टामुळे काम लांबतं' हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे, पण तो संबंध त्यात फार अशक्त निघाला. म्हणून चालढकल दिसली की पहिला प्रश्न माणसाबद्दल विचारू नका, कामाबद्दल विचारा. रखडलेल्या पाच कामांची यादी करा आणि प्रत्येकापुढे चार खुणांपैकी एक लिहा: नावडतं, फळ दूर, जमेल की नाही शंका, मध्येच दुसरीकडे लक्ष गेलं. पाचांपैकी चारांपुढे एकच खूण आली तर उपायही एकच पुरतो.

मोजपट्टी

काटा, हे फार चांगलं मांडलंत. वेळेची वही कशी ठेवायची तेही तुम्हीच लिहा ना.

काटा

लिहितो. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ रकाने होतात, पंधरवड्याचे १३४४. सगळे भरायला बसलात तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडेल. म्हणून सलग चाललेली गोष्ट एकाच ओळीत लिहायची, फक्त सुरुवात आणि शेवट पंधरा मिनिटांच्या अचूकतेने. चांगल्या वहीत दिवसाला २० ते ३० ओळी होतात.

प्रत्येक ओळीत पाच गोष्टी: कधीपासून कधीपर्यंत, काय केलं, सोबत दुसरं काय चालू होतं, ते कोणी ठरवलं (स्वतः की दुसऱ्याने), आणि संपल्यावर कसं वाटलं याचा १ ते ५ आकडा. एक ओळ अशी दिसते:

१८:४५ ते १९:३० / वाचन / फोनवर कामाचे निरोप / स्वतः / २

ही ओळ नुसत्या 'वाचन, पाऊण तास' या नोंदीपेक्षा कितीतरी जास्त सांगते. वेळ मोकळा होता, तो स्वतःच ठरवलेला होता, आणि तरी आकडा २ आहे. त्याचं कारण तिसऱ्या रकान्यात बसलंय.

कुठे चुकतं:

रात्री एकदम भरली की चुकतं. दुपारचे तुकडे आठवत नाहीत आणि दिवसाचा शेवट कसा झाला त्यावर सगळे आकडे रंगतात. तीन-चार तासांनी एकदा, दोन मिनिटं, एवढं पुरतं.

पहिले दोन दिवस माणूस वहीसाठी शहाण्यासारखा वागतो. ते दोन दिवस हिशेबातून वगळा. १६ दिवस भरा, १४ धरा.

आणि 'इतर' नावाचा रकाना करू नका. आठवड्याभरात निम्मा दिवस त्यात जाऊन बसतो.

गल्ला

पैशाच्या बाजूचं मी लिहितो, कारण तिथे १४ दिवस अजिबात पुरत नाहीत. पैशाचं चक्र महिन्याचं असतं, काही खर्च तिमाही, काही वर्षातून एकदा. कमीत कमी तीन महिन्यांच्या नोंदी घ्या.

आपल्या भाषेत काटकसरी आणि चिक्कू असे दोन वेगळे शब्द आहेत आणि तो भेद नेमका आहे. रिक, क्रायडर आणि लोवेन्स्टाइन यांनी २००८ मध्ये हाच भेद मापात आणला. चिक्कू माणसाला पैसे देतानाच टोचतं, त्यामुळे स्वतःला हवी असलेली आणि परवडणारी वस्तूही तो घेत नाही, आणि मग हळहळतो. उधळ्याला ते टोचणं फार कमी, म्हणून घेऊन बसतो आणि मग तोही हळहळतो. काटकसरी माणसाला वाचवण्यातच समाधान असतं, त्याला हळहळ नाही. त्यांचं माप ४ ते २६ गुणांचं आहे: ४ ते ११ चिक्कू, १९ ते २६ उधळ्या, मधले सुखी. १३,००० हून जास्त लोकांच्या त्यांच्या नमुन्यात चिक्कू आणि उधळ्यांचं प्रमाण साधारण ३ ला २ होतं. त्यातली एक बारीक गोष्ट बघण्यासारखी आहे. जलद घरपोच सेवेच्या शुल्काला नुसतं 'शुल्क' म्हटलं की चिक्कू मंडळी मागे सरत, तेवढ्याच रकमेला 'छोटंसं शुल्क' म्हटलं की तयार होत. रक्कम बदलली नव्हती, टोचणं बदललं होतं.

आता नोंद. प्रत्येक खर्चापुढे तीन खुणा: आधी ठरवलेला की ऐनवेळचा, देताना किती टोचलं (० ते ३), आणि आठवड्यानंतर किती हळहळ (० ते ३). तिसरी खूण आठवड्याने भरायची असते, त्यामुळे ती हमखास राहते. दर आठवड्याला एकच ठरलेला वार त्यासाठी ठेवा.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच आहे. खर्चाच्या वहीत चिक्कूपणा दिसतच नाही! न झालेल्या खर्चाची ओळ कोण लिहिणार? त्यासाठी शेवटचं पान राखून ठेवा. त्यावर 'लागणार होतं, पण टाळलं' अशी यादी, पुढे पहिल्यांदा गरज वाटली ती तारीख आणि शेवटी घेतल्याची तारीख. पैसे हाताशी असूनही या दोन तारखांमध्ये वारंवार महिने जात असतील आणि मधल्या काळात दुरुस्ती, गैरसोय, उसनवारी चालू असेल, तर ती काटकसर नाही.

उंबरठा

गल्ला यांच्या प्रतिसादाला एक जोड. पैसा राखण्याला 'संयम' आणि खर्चण्याला 'संयमाचा अभाव' म्हणण्याआधी परिस्थिती बघा. वॉल्टर मिशेल यांचा मुलांना वाट बघायला लावणारा गोड पदार्थाचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो: आत्ता एक खा, किंवा थांबलास तर जास्त मिळेल; आणि जास्त थांबलेली मुलं पुढे शिक्षणात सरस ठरली, असा त्यातून काढलेला संबंध. त्याचं पुढचं कमी सांगितलं जातं. २०१८ मध्ये ९०० हून जास्त मुलांच्या माहितीवर तो संबंध पुन्हा तपासला तेव्हा तो मूळच्या निम्मा निघाला, आणि घरची परिस्थिती वगैरे हिशेबात घेतल्यावर आणखी दोन-तृतीयांश घटला. त्याआधी २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २८ मुलांवर छोटा प्रयोग केला होता. समोरच्या मोठ्या माणसाने आधी शब्द पाळला होता त्या गटातली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना आधी फसवलं गेलं होतं ती ३ मिनिटं.

नमुना लहान आहे, तरी मुद्दा पक्का समजून घ्यावा असा आहे. उद्या मिळेल याची खात्री नसेल तर आज घेणं हा शहाणपणा असतो. ज्याची मिळकत दर महिन्याला खाली-वर होते, त्याच्या खर्चावरून स्वभाव वाचू नका. मिळकत निदान सहा महिने स्थिर झाल्यावर वाचा.

पडवी

मोकळ्या वेळेबद्दल कोणी बोललंच नाही अजून. लोक मोकळे तास मोजतात आणि तिथेच फसतात. दोन माणसांना आठवड्याला २० तास मोकळे. एकाचे दीड-दीड तासाचे सलग तुकडे, दुसऱ्याचे दहा-पंधरा मिनिटांचे ऐंशी-नव्वद तुकडे. दुसरा म्हणतो 'मला वेळच नाही' आणि वहीवरची बेरीज त्याला खोटं पाडते. त्याचं म्हणणं खरं आहे, बेरीज चुकीची आहे. म्हणून काटा यांच्या वहीतून दोन आकडे काढा: एकूण मोकळा वेळ, आणि त्यातला ४५ मिनिटांपेक्षा मोठ्या सलग तुकड्यांचा वेळ. ४५ हा माझा अंदाजे आकडा, ३० धरलात तरी चालेल, पण पंधरवडाभर एकच ठेवा.

दुसरं, विश्रांती झाली की नाही. सोनेंटाग आणि फ्रिट्झ यांच्या २००७ च्या प्रश्नावलीत १६ विधानं आहेत, चार गोष्टींसाठी प्रत्येकी चार: कामातून मन सुटणं, सैलावणं, काहीतरी नवं शिकण्या-जमण्याचा आनंद, आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. स्वभावाचा प्रश्न इथे येतो. नकारात्मक भावनांकडे कल असलेल्या माणसाला पहिली गोष्ट जड जाते. देह घरी आणि मन कामावर. अशा माणसाला 'जरा शांत बस' सांगून उपयोग होत नाही, कारण शांत बसल्यावर तर कामाचेच विचार येतात. त्याला तिसरी गोष्ट जास्त उपयोगी पडते: हात आणि लक्ष दोन्ही गुंतवणारं काहीतरी, ज्यात थोडं अवघड असेल आणि कोणी गुण देणार नसेल.

आणि मोकळा वेळ जितका जास्त तितकं बरं, हेही खरं नाही. शरीफ, मोगिलनर आणि हर्शफील्ड यांच्या २०२१ च्या अभ्यासात फार कमी मोकळा वेळ असलेले आणि फार जास्त असलेले, दोघांचंही समाधान कमी आढळलं. जास्त वेळवाल्यांपैकी जे तो कशात तरी सार्थकी लावत होते किंवा माणसांत घालवत होते त्यांच्यात ती घट दिसली नाही.

पाऊलवाट

हे सगळं मोजलं, पण स्वभाव बदलतो का मुळात? नाहीतर मोजून काय करायचं?

आकडेमोड

बदलतो, दोन तऱ्हांनी. वयानुसार: रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या विश्लेषणात दक्षता विशेषतः विशी ते चाळिशी या काळात सरासरीने वाढलेली दिसते. त्यामुळे बावीस वर्षांच्या माणसाची बेचाळीसच्या माणसाशी तुलना करून 'आजकालची पिढी' असा निष्कर्ष काढू नये. आणि जाणीवपूर्वक: हडसन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १५ आठवडे लोकांना छोटी-छोटी आव्हानं दिली. पुरी केली त्यांच्यात हव्या त्या दिशेने बदल दिसला. नुसती स्वीकारून न करणाऱ्यांना फायदा झाला नाही. म्हणून पहिलं आव्हान हास्यास्पद वाटेल इतकं छोटं ठेवावं.

पैशाच्या बाबतीत स्वभावाला हात न लावताही बरंच होतं. थेलर आणि बेनार्त्झी यांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या योजनेत लोकांनी आजच्या पगारातून काहीच जास्त कापायचं नव्हतं, पुढच्या वेतनवाढीतला भाग आपोआप बचतीत जाईल एवढंच आधी मान्य करायचं होतं. पहिल्या कंपनीत योजनेत आलेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. माणसं तीच होती. हाती येणारी रक्कम कमी झालेली दिसली नाही, म्हणून टोचलं नाही.

सावकाश

एकच अडतंय. पंधरवडा भरला, तीन महिन्यांचे खर्च खुणा करून झाले. आता एकाच वेळी तिन्ही बाजूंना हात घालायचा की एकेक?

काटा

एकेक. दोन गोष्टी एकदम बदलल्या की आकडा कशामुळे हलला ते कळत नाही. वहीत शेवटच्या रकान्यात १ आणि २ सगळ्यात जास्त कुठे पडलेत ते बघा आणि तिथून सुरुवात करा.

बदल लिहिताना 'जर-तर'च्या रूपात लिहा. पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात मांडलेली ही युक्ती बऱ्याच अभ्यासांत टिकली आहे. 'संध्याकाळी फोन कमी बघेन' असं लिहू नका, तो नुसता मनोदय झाला. 'वाचायला बसलो की त्याआधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवेन' असं लिहा. प्रसंग डोळ्यांना दिसणारा हवा आणि कृती एका मिनिटात संपणारी हवी. प्रसंग 'कंटाळा आला की' असा असेल तर ती ओळ फसते, कारण कंटाळा नेमका कधी आला हे त्या क्षणी कोणी ठरवत नाही. 'खुर्चीवर बसलो की', 'दार लावलं की' अशा गोष्टी धरा.

मग तीन आठवडे तसंच चालू द्या आणि चौथ्या आठवड्यात सात दिवसांची वही पुन्हा. आधीच्या १४ दिवसांतले तेच वार घेऊन तुलना करा, रविवारची तुलना बुधवारशी नको. आकडा हलला नसेल तर माणसाला दोष देण्याआधी तो प्रसंग आठवड्यातून प्रत्यक्ष किती वेळा आला ते मोजा. दोनदाच आला असेल तर रोज येणारा दुसरा प्रसंग शोधा आणि ओळ नव्याने लिहा.